घरच्या शाळेतला इतिहास: दोन अभ्यासक्रम आणि जिवंत पुस्तकं एकत्र कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा. अमळनेरचं कुटुंब, मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची, दोघं घरीच शिकतात. जगाच्या इतिहासाचा चार भागांचा परदेशी संच घेतलाय, बालभारतीची सहावी ते आठवीची पुस्तकं आहेत, शिवाय 'जिवंत पुस्तकं' म्हणून मराठी चरित्रं आणि गोष्टीरूप इतिहासाची पुस्तकं जमवली आहेत. जूनमध्ये तिन्ही एकदम सुरू केलं आणि ऑगस्टपर्यंत गाडी रुतली. मुलाने पुढे दहावी द्यायची आहे. काय ठेवायचं, काय टाकायचं?

ताई, यात मुलांचा दोष नाही, तुमचाही नाही. हिशोबच बसत नाही. मे महिना, दिवाळी, कानबाईचा सण, लग्नसराई वगळली तर घरच्या शाळेला वर्षाचे ३६ आठवडे मिळतात. इतिहासाला आठवड्यातून तीन बैठका धरल्या तर १०८ बैठका झाल्या. परदेशी संचाच्या एका भागात चाळीसच्या आसपास प्रकरणं असतात. वाचन, नकाशा आणि एखादी कृती धरून प्रत्येकाला तीन बैठका लागतात, म्हणजे १२०. बालभारतीचे डझनभर धडे, प्रत्येकी तीन बैठका, म्हणजे ३६. आणि दीडशे पानांची पाच पुस्तकं बैठकीला पाच पानं या वेगाने वाचायची तर आणखी १५०. बेरीज ३०६. खिशात १०८ आणि यादी ३०६ ची. दोन अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवून प्रकरणामागून प्रकरण हाणत गेलं की सगळ्यांचं हेच होतं.

म्हणून कणा एकच. बाकीचं त्याच्यावर चढवायचं, आणि जे चढत नाही ते यंदा कपाटात.

कणा कोणता? महाराष्ट्र मंडळाची दहावी द्यायची असेल तर क्रम बालभारतीचा घ्या. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुगीन भारत आणि त्यात मराठ्यांचा मोठा भाग, आठवीत आधुनिक भारत, नववीत स्वातंत्र्यानंतरचा. परदेशी संचात एका भागात भारताला जेमतेम दोन-तीन प्रकरणं येतात. तो कणा धरला तर अशोक आणि अकबर हे पाहुण्यासारखे येऊन जातात आणि यादव, बहमनी, मराठे कुठे चिकटवायचे ते कळत नाही. उलट भारताच्या क्रमावर जगाची प्रकरणं टांगणं सोपं पडतं. दहावी द्यायचीच नसेल तर माझं मत वेगळं असतं. मग जगाचा संच कणा म्हणून चालतो.

पण क्रम बालभारतीचा म्हणजे रोजचं वाचन बालभारतीचं, असं नाही. पाठ्यपुस्तकातला धडा आटवलेला असतो, एका परिच्छेदात पन्नास वर्षं. तो विषयाच्या शेवटी, एका बैठकीत वाचायचा. आधी वाचला की निष्कर्ष हातात येतो, मग जिवंत पुस्तक वाचूनही मूल पाठ्यपुस्तकाचीच वाक्यं परत देतं. शेवटी वाचला की तोच धडा उजळणी होतो, आणि 'हे तर त्यांनी सांगितलंच नाही' असं मूलच बोट ठेवतं. पुस्तकाच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मात्र पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, तेव्हा आवृत्तीचं वर्ष बघून घ्या. भावाने वापरलेलं पुस्तक बहिणीला चालेलच असं नाही.

आता वर्षांची वाटणी. मुलगा १२ चा आहे, म्हणून चार वर्षांची पूर्ण फेरी मारायला वेळ नाही. तीन वर्षं इतिहास, चौथं दहावीचं. पहिलं वर्ष आदिमानवापासून साधारण इ.स. १००० पर्यंत, सहावीचं पुस्तक आणि संचाचा पहिला भाग. दुसरं १००० ते १७००, सातवीचं पुस्तक, संचाचा दुसरा भाग आणि तिसऱ्याचा अर्धा. तिसरं १७०० ते २०००, सातवीचा उरलेला शेवट, आठवी आणि नववी, संचाचा राहिलेला भाग. तिसरं वर्ष सगळ्यांत जड जातं, म्हणून दुसऱ्या वर्षात युरोपच्या राजघराण्यांवर रेंगाळू नका.

संचातली प्रकरणं वर्षाला १५ ते १८ ठेवा, पंधरवड्याला एक. निवडताना तीन गोष्टी बघायच्या: त्या काळात आपल्याकडे जे चाललंय त्याच्याशी याचा धागा जुळतो का, याच्यावाचून पुढचं काही अडतं का, आणि यावर चांगलं जिवंत पुस्तक हाताशी आहे का. तिन्हीला 'नाही' आलं की प्रकरण सोडा. सिल्क रूट, इस्लामचा उदय, छपाई, वास्को द गामा, औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धं सोडता येत नाहीत. इंग्लंडमधली 'गुलाबांची युद्धं' (दोन घराण्यांची गादीसाठीची भांडणं) खुशाल सोडा. अमेरिकेच्या अंतर्गत इतिहासाला तिथले काही संच अख्खं वर्ष देतात. त्यातली गुलामगिरी आणि यादवी युद्ध एवढी दोनच प्रकरणं ठेवा. यादवी युद्ध खानदेशात थेट येऊन धडकतं, ते पुढे येईलच.

परदेशी संच घेण्याआधी (तुम्ही घेतलाय, पण पुढचे भाग बाकी असतील तर) नमुन्याची तीन प्रकरणं वाचावीत: मानवाची सुरुवात, १८५७, आणि भारताचं स्वातंत्र्य. पहिल्यात कळतं की संच धार्मिक चौकटीत लिहिलाय का. काही संचांत पृथ्वीचं वयच काही हजार वर्षं धरलेलं असतं. दुसऱ्यात शब्द बघा, 'शिपायांचं बंड' एवढ्यावर भागवलंय की कारणंही आहेत. तिसऱ्यात फाळणीला किती ओळी आहेत ते बघा. तिथे गडबड असली म्हणून संच टाकायचा नसतो, फक्त ती प्रकरणं तुमच्या पुस्तकातून घ्यायची. नकाशे मात्र अजिबात तिकडचे नकोत. भारताच्या सीमा त्यांत वेगळ्या काढलेल्या असतात आणि मुलाच्या डोळ्यात तोच आकार बसतो. कोरे नकाशे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ते शालेय घ्या.

'जिवंत पुस्तक' हा शब्द शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या पद्धतीतला. विषयात जीव गुंतलेल्या एका माणसाने सलग लिहिलेलं पुस्तक, समितीने तुकडे जुळवलेलं नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे याचा घोळ असा होतो की जाडजूड ऐतिहासिक कादंबरी म्हणजे जिवंत पुस्तक, असं धरलं जातं. कादंबरीतले संवाद लेखकाने रचलेले असतात. नऊ वर्षांचं मूल ते जसेच्या तसे घडले असं धरून चालतं आणि पुढे ते पुसणं अवघड जातं. कादंबरी बारानंतर, आणि तीही कादंबरी म्हणूनच. पारख सोपी आहे. मधलं कुठलंही पान उघडा, मोठ्याने वाचा, पुस्तक मिटा, मुलाला 'सांग' म्हणा. पाच-सहा वाक्यं आली तर पुस्तक चालतं. नुसती विशेषणं आली, 'तो फार शूर होता, थोर होता', तर पुस्तकातही विशेषणंच आहेत असं समजा. आपल्या बालचरित्रांत हा रोग फार आहे.

मोठ्याला हळूहळू मूळ साधनांकडे न्या. सभासदाची बखर १६९७ ची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर १७ वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली. एका वेळी दोन पानं, फारसी शब्दांचे अर्थ समासात लिहून. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १८५७ चा प्रत्यक्ष पाहिलेला वृत्तांत आहे, छापला गेला १९०७ मध्ये. त्यातली झाशीची प्रकरणं तेराव्या-चौदाव्या वर्षी वाचता येतात, पण आधी तुम्ही वाचा. कत्तलीची वर्णनं उघडी आहेत. धाकटीसाठी 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, त्यांत इतिहासावरचे छोटे लेख सापडतात. विकत घेण्याआधी गावातलं आणि जिल्ह्याचं वाचनालय धुंडाळा. जळगावच्या व. वा. वाचनालयासारख्या जुन्या ठिकाणी आता छापून न येणारी बालपुस्तकं मिळण्याची शक्यता जास्त.

वर्षाला पुस्तकं किती? मोठ्याला चार, धाकटीला तीन, दोघांची सामायिक एक. बस्स.

वाचून झालं की सांगणं. धाकटीला दीड-दोन पानं, मोठ्याला चार-पाच. एकदाच वाचायचं. परत वाचून दाखवायची सवय लावली की पहिल्या वाचनाकडे लक्ष राहत नाही. मूल सांगत असताना मध्ये दुरुस्ती नको. नाव चुकलं तर संपल्यावर फळ्यावर बरोबर नाव लिहून ठेवा. प्रश्न विचारू नका, प्रश्न विचारले की ते उत्तर हुडकतं, सांगत नाही. 'आठवत नाही' असं आलं तर उतारा अर्धा करा, दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. घरात अहिराणी बोलत असाल तर सांगणं अहिराणीतच होऊ द्या. भाषा शुद्ध करण्यात मूल अडकलं की घटना हातातून निसटतात. प्रमाण मराठी लेखी कथनात येईल, आणि ते दहाव्या वर्षानंतर, आठवड्याला एक. दोन मुलं एकत्र असली की नेहमीची अडचण म्हणजे धाकटं मोठ्याचीच री ओढतं. म्हणून आधी धाकटीने सांगायचं, मोठ्याने राहिलेलं भरायचं.

शतकांची वही हा सगळ्याला बांधून ठेवणारा दोरा. २०० पानी मोठी वही घ्या. सुरुवातीची चार पानं प्रागैतिहासिक काळाला. पुढे समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक शतक. इ.स.पू. ३००० ते इ.स. २१०० ही ५१ शतकं, १०२ पानं लागतात, उरलेली नकाशांना. डाव्या पानावर २० ओळी, एक ओळ पाच वर्षांची. उजव्या पानावर चित्र: नाणं, भांडं, तोफ, टोपी. एका बैठकीत एकच नोंद, आणि मुलाने स्वतः सांगितलेलीच. तयार कालरेषा छापून चिकटवल्या तर भिंत सजते, डोक्यात काही राहत नाही. चुका ठरलेल्या आहेत. १६७४ सोळाव्या शतकाच्या पानावर जातं (ते सतरावं), आणि इसवीसनापूर्वी आकडे उलटे उतरतात हे विसरून अशोक बुद्धाच्या आधी बसतो. पहिल्याच दिवशी पानांच्या डोक्यावर 'सतरावं शतक, १६०१–१७००' असं तुम्ही लिहून टाकलं की निम्मा त्रास जातो.

मराठी साधनं वाचणाऱ्यांना शकाचा प्रश्न येतोच. शकात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६: ७८ मिळवले की १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१: इथे ७८ मिळवले तर १६२९ येतात आणि मूल म्हणतं पुस्तक चुकलं. ७९ मिळवले की १६३०. ही दोन गणितं मोठ्याकडून एकदा वहीत करून घ्या.

आता खानदेश. स्थानिक इतिहास हा शेवटी उरला तर करायचा पुरवणी-विषय नव्हे. दोन अभ्यासक्रम जिथे एकमेकांना शिवत नाहीत तिथे तोच सांधा होतो. पहिल्या वर्षी चाळीसगावजवळचं पाटणे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेले तुकडे मिळाले, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे एके काळी या भागात शहामृग होते. अश्मयुगाच्या प्रकरणाला याहून चांगली सुरुवात सापडणार नाही. तापीकाठचं प्रकाशे १९५०च्या दशकात खणलं गेलं, आणि सावळदा या गावावरून तर एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच नाव पडलं. संचात मेसोपोटेमियाचं प्रकरण चालू असेल त्याच आठवड्यात हे घ्या. पितळखोरे आणि अजिंठा याच वर्षात. अजिंठा सोमवारी बंद असतं, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सगळी लेणी पळत पाहण्यापेक्षा एक जुनं, इसवीसनापूर्वीचं (क्रमांक १०) आणि एक पाचव्या शतकातलं (क्रमांक १) अशी दोनच नीट पाहा. जुन्यात स्तूप आहे, नव्यात बुद्धमूर्ती आहे. हा फरक मुलांना स्वतः दिसू द्या, सांगू नका.

दुसऱ्या वर्षी पाटणादेवीचा यादवकालीन शिलालेख, शके ११२८ चा: गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा. गणित आवडणाऱ्या मुलाला याच धाग्याने मध्ययुगात ओढता येतं. मग फारुकी सुलतान. १३८२ पासून १६०१ पर्यंत खानदेशावर त्यांचं राज्य होतं, आधी थाळनेर, मग बऱ्हाणपूर. पाठ्यपुस्तकाचा भर बहमनींवर असतो, म्हणून ही जागा तुम्हीच भरायची. थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. अकबराने फारुकींचा असीरगड किल्ला घेतला ते १६०१ साल वहीत आलं की बालभारती, संच आणि गाव एकाच ओळीवर येतात.

याच वर्षात एक धडा साधनं पारखण्याचा. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये (इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात) नोंद आहे की इंग्रजांनी १६७४ मध्ये धरणगावला वखार काढली आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. १६७४ म्हणजे राज्याभिषेकाचंही वर्ष. मोठ्याला तीन प्रश्न द्या: हे कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि लिहिणाऱ्याचं त्यात काय गेलं होतं? 'लुटली' या शब्दाच्या जागी तेव्हाचा मराठा सरदार कोणता शब्द वापरेल, हेही विचारून बघा. दहावीच्या इतिहासलेखनाच्या धड्याची तयारी इथेच होते.

तिसऱ्या वर्षीचा एक आठवडा जवळून दाखवतो, कारण कृती आणि वाचन यांचं प्रमाण इथेच बिघडतं. विषय कापूस. वेळ दिवाळीच्या आगेमागे, वेचणी चालू असताना. जूनमध्ये १७०० पासून निघालेलं वर्ष तोवर बरोबर १८६० च्या दशकात पोचलेलं असतं. सोमवारी संचातलं अमेरिकन यादवी युद्धाचं प्रकरण (१८६१–१८६५), सांगणं, आणि जगाच्या नकाशावर तीन ठिपके: न्यू ऑर्लिन्स, लिव्हरपूल, मुंबई. बुधवारी घरी किंवा शेजाऱ्यांकडून आणलेला १०० ग्रॅम कापूस. दोन्ही मुलांनी हाताने सरकी वेगळी करायची, घड्याळ लावून १५ मिनिटं. नंतर उरलेलं तुम्ही पूर्ण करा आणि रुई व सरकी वेगवेगळी तोला. रुई एक तृतीयांशाच्या आसपास भरते. आपल्याकडे गाठ १७० किलोची. मग एका गाठीला कापूस किती? पाच क्विंटलच्या आसपास. हाताने किती दिवस लागतील हे धाकटी स्वतः मोजते, आणि जिनिंग यंत्र का लागलं, अमेरिकेत गुलामांकडून काय करून घेत होते, हे समजवायला भाषण लागत नाही. शुक्रवारी मुंबईतला भाव: युद्धामुळे अमेरिकेचा कापूस थांबला, इथले भाव अनेक पटींनी चढले, १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळले आणि पाठोपाठ बँका बुडाल्या. त्यावर भुसावळचा रेल्वे नकाशा, एक फाटा नागपूरकडे, दुसरा खांडव्याकडे; १८७० मध्ये याच दुसऱ्या वाटेने मुंबई–कोलकाता जोडली गेली. वहीत दोनच नोंदी. बाहुल्या, जिनिंग यंत्राची पुठ्ठ्याची प्रतिकृती, अमेरिकन झेंडा, यातलं काही नको; अशा कृतीला दोन बैठका जातात आणि मुलाच्या लक्षात डिंकच राहतो.

त्याच वर्षातलं बाकीचं फक्त नावापुरतं: १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला थाळनेरचा किल्ला, खाज्या नाईक आणि भिल्लांचा उठाव, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगातली विनोबांची गीताप्रवचनं आणि ती लिहून घेणारे साने गुरुजी, डिसेंबर १९३६ चं काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, आणि ९ सप्टेंबर १९४२ चा नंदुरबारचा हुतात्मा शिरीषकुमार. साने गुरुजींनी तुमच्याच गावच्या प्रताप हायस्कुलात शिकवलं, तेव्हा हे प्रकरण कुठून सुरू करायचं ते वेगळं सांगायला नको. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ मोठ्याला दाखवा. कागदपत्रं जपतात म्हणजे काय करतात हे तिथे कळतं.

धाकटीचा एक पेच राहतो. तिच्या वयाची शाळेतली मुलं चौथीत शिवछत्रपती शिकतात आणि ती घरी मोहेंजोदडो. गल्लीत ते तिला बोचतं. शनिवारी एक जादा बैठक द्या, चौथीचं पुस्तक गोष्टीसारखं वाचून दाखवा, वहीत नोंदी नकोत. तीन वर्षांची फेरी संपेल तेव्हा ती १२ ची असेल. तिला दुसरी फेरी जाड पुस्तकांसह मिळेल.

दहावीचं. १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता मंडळाच्या दहावीला बसण्याचा अर्ज) भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो आत्ताच शोधून ठेवा. मुलगा कधी शाळेत गेलाच नसेल तर एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) सोपं पडतं. तिथे दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात आणि सामाजिक शास्त्र हा विषय सक्तीचा नाही. महाराष्ट्र मंडळात इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, भूगोलाचा ४० चा. दहावीच्या पुस्तकात घटना कमी आणि इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, वारसा, पर्यटन जास्त, त्यामुळे अशा वाचनाने आलेल्या मुलाला मजकूर जड जात नाही. अडतं ते उत्तराच्या साच्यात. तो पानभर सुंदर सांगतो आणि 'टीप लिहा'ला लागणारे चार मुद्दे त्यात विखुरलेले असतात. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीपासून आठवड्याचं लेखी कथन 'टीप लिहा' आणि 'सकारण स्पष्ट करा' या दोन साच्यांत आळीपाळीने घ्या, १० मिनिटांत, पाऊण पान. जुन्या प्रश्नपत्रिका चौथ्या वर्षीच काढा, त्याआधी नको.

यंदाचं राहिलेलं वर्ष वाचवायचं असेल तर आज एवढंच करा: संचाच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिल घेऊन बसा आणि खुणा १८ च्या पुढे जाऊ देऊ नका.